पेट्रोग्राडच्या सवती

मला सवती होत्या. एकदोन नव्हे, चांगल्या हजारोंनी होत्या आणि सगळ्या रशियन होत्या. त्यांतली एकही मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. माझा जन्म होण्याआधीच त्यांतल्या कितीतरी मातीआड गेल्या असतील. पण माझ्याच घरात त्यांना जो मान होता तो मला मिळाला नाही, आणि या वयातही ही गोष्ट मला थंड डोक्याने लिहिता येत नाही.

माझे यजमान नागपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी त्यांना मनातल्या मनात प्राध्यापक म्हणायचे, इथेही तेच म्हणते. त्यांचा प्रबंध चालला होता. विषय होता रशियातलं लोकमत आणि झारची सत्ता उलथण्यात त्याचा वाटा. लग्न झालं तेव्हा प्रबंध चालूच होता, मुलगी झाली तेव्हा चालू होता, ती शाळेत जायला लागली तरी चालूच होता. माणसाला एखादं व्यसन असलं तर बायको निदान चारचौघांत रडू शकते. नवरा प्रबंध लिहितो म्हणून कोण कोणापाशी रडणार?

त्या प्रबंधातलं त्यांचं सगळ्यांत लाडकं प्रकरण पावाच्या रांगेचं. युद्धाचे दिवस, पेट्रोग्राडमध्ये कडाक्याची थंडी, पावाच्या दुकानांसमोर बायकांच्या लांबच लांब रांगा. या रांगांमध्ये बायका आपसांत बोलायच्या. राणीबद्दल बोलायच्या, तिच्या त्या दाढीवाल्या साधूबद्दल बोलायच्या, पीठ कोणी दडवलं याबद्दल बोलायच्या. झारचे गुप्त पोलीस रांगेत उभे राहून ते बोलणं ऐकायचे आणि वर कळवायचे. मग एक दिवस कापडगिरण्यांतल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या, रांगेतल्या बायका त्यांना मिळाल्या, घोडेस्वार समोर आले तर घोड्यांच्या पोटाखालून निघाल्या, सैनिकांना म्हणाल्या, बंदुका खाली करा. आणि आठवड्याभरात तीनशे वर्षांचं राजघराणं पत्त्याच्या बंगल्यासारखं खाली आलं.

हे सांगताना प्राध्यापकांचा आवाज बदलायचा. डोळे पाणावायचे. "त्या बायका!" एवढंच म्हणून ते थांबायचे. मी समोर बसून वाटाणे सोलत असायचे.

मला सगळ्यांत जास्त काय झोंबायचं सांगू? त्या बायका रांगेत जे पुटपुटत होत्या ते कोणीतरी लिहून ठेवत होतं. भले दुष्ट पोलीस का असेना, पण कान देऊन ऐकत होता आणि जसंच्या तसं उतरवून घेत होता. मी घरात इतकी वर्षं बोलत होते, त्यातलं एक वाक्य कोणाच्या ध्यानात राहिलं असेल तर शपथ.

प्राध्यापकांच्या टेबलासमोरच्या भिंतीला एक फोटो टाचलेला होता, रशियाहून येणाऱ्या एका गुळगुळीत मासिकातून कापलेला. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, हातात फलक, मागे बर्फ. बाकीचं मासिक मुलीच्या पुस्तकांना कव्हरं घालायला जायचं, हा कागद मात्र सुटला. आमच्या लग्नाचा फोटो ट्रंकेत होता. मी एकदा म्हटलं, तोही लावू या की भिंतीला. प्राध्यापक म्हणाले, "भिंतीत ओल आहे, खराब होईल." रशियन बायकांना ओल बाधत नसावी.

दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत अभ्यास मंडळ भरायचं. प्राध्यापकांचे तीन-चार सहकारी आणि एम.ए. करणारी एक मुलगी. चष्मा, दोन वेण्या, मोठे डोळे. प्राध्यापक काहीतरी वाचून दाखवायचे आणि मग एकेकाला विचारायचे, "तुमचं मत काय?" तिलाही विचारायचे. ती जरा विचार करून बोलायची आणि प्राध्यापक मान तिरपी करून ऐकायचे. ती मान तिरपी झाली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या मुलीत वाईट काही नव्हतं, ती कप उचलून आत आणून द्यायची, काकू काकू करायची. पण माझं मत म्हणाल, तर साखर चालेल का, एवढंच मला विचारलं जायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे ते दिवस. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची आणि घरात रशियाची लाल क्रांती चालायची. रॉकेलसाठी तर पहाटेपासून डबे रांगेत लावावे लागत. आमच्या गल्लीत कापडगिरणीत काम करणारी एक बाई होती, आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. छपन्न साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती ऐन तारुण्यात होती, आणि त्या दिवसानंतर आपण कोणाच्या बापाला भ्यालो नाही असं ती सांगायची. रांगेत तिचा आवाज सगळ्यांच्या वर. मी तिच्या मागे उभी राहायचे.

एकदा रांगेत एक गरोदर बाई चक्कर येऊन पडली. मी तशीच धावत घरी आले. प्राध्यापकांना सांगितलं. ते पुस्तकातून मान वर करून म्हणाले, "पेट्रोग्राडमध्ये तर बर्फ पडत होता." पुन्हा पुस्तकात. माझ्या रांगेवर बर्फ पडत नव्हता हाच काय तो माझा गुन्हा. आमच्याकडे संत्री टोपल्यांनी येतात आणि कोणी ढुंकून बघत नाही, तीच मुंबईला गेली की लोक सोनं घेतल्यासारखी घेतात. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

डिसेंबर आला. नागपूरला डिसेंबर म्हणजे विधिमंडळाचं अधिवेशन आणि अधिवेशन म्हणजे मोर्चे. सगळ्या महाराष्ट्राने वर्षभर दाबून ठेवलेली ओरड आमच्या रस्त्यांवर येऊन मोकळी करायची, हा रिवाजच आहे. आम्ही नागपूरकर ते गच्चीवरून बघतो. पण त्या वर्षी मावशी म्हणाली, "बाहेरगावचे येऊन आपल्या गावात ओरडून राहिले, अन् आपण काहून चूप बसावं वं? आपुनबी काढू मोर्चा. रिकामे डबे घेऊन."

मग दिवस ठरवायला बायका आमच्या ओट्यावर बसल्या. माझ्या उभ्या आयुष्यात सगळ्यांची मतं घेतलेली ती पहिली बैठक. कोणाचा नळ कधी येतो, कोणाची पोरं कधी शाळेतून येतात, गिरणीवाल्यांची सकाळपाळी कोणत्या आठवड्यात, कोणाचा उपास, कोणाची सासू गावाला कधी जाते, सगळं बघितलं. शनिवारची दुपार सगळ्यांना सोयीची निघाली. मावशीने माझ्याकडे वळून विचारलं, "तुले जमते का वं?" मी हो म्हणाले. कोणी विचारलं की हो किती सहज म्हणता येतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी देशासाठी गेले नाही. खरं सांगायचं तर रॉकेलसाठीही गेले नाही. मी त्या भिंतीवरच्या बायांच्या नाकावर टिच्चून गेले.

प्राध्यापकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. शनिवारी निघताना माझी साडी मावशीला पसंत पडली नाही. "हे कॉलेजातल्या बाईसारखं दिसते, पोलीस म्हणन चहा प्यायले आली," असं म्हणून तिने आपलं जाडंभरडं लाल लुगडं काढून दिलं. उन्हासाठी मी पदर कपाळावर ओढून घेतला आणि डबा काखेत मारून निघाले.

डबे बडवत आम्ही बर्डीच्या बाजारातून विधानभवनाकडे निघालो. कंठ फुटणे म्हणजे काय ते मी तेव्हा अनुभवलं. पहिल्या चौकापर्यंत माझ्या तोंडून शब्द निघेना आणि दुसऱ्या चौकात मीच घोषणा द्यायला लागले. पुढे बांबू बांधून रस्ता अडवलेला होता. नेहमी तिथे पोलिसांची भिंत असते. त्या दिवशी दोनच शिपाई बसलेले, त्यांतला एक भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. आम्हाला पाहून तो गोंधळून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आज शनिवार. अधिवेशनाले सुट्टी हाय. आत कोणीच नाही."

आम्ही नळाची, शाळेची, पाळीची, सासवांची, सगळ्यांची सोय बघितली होती. सरकारची बघायची राहून गेली होती.

काही बायका हसायला लागल्या. काही मागे वळल्या. मावशीदेखील कपाळावर हात मारून उभी राहिली. शिपाई सौम्यपणे म्हणाला, "काय मत असन ते लिहून द्या, सोमवारी पोचवतो." आणि त्या 'मत' या शब्दाने माझं डोकं फिरलं. माझं माहेर सावनेरचं. प्राध्यापकांच्या घरात येऊन मी शुद्ध बोलायला शिकले होते, ते सगळं गळून पडलं. मी डबा त्या बांबूवर दाणकन आपटला आणि ओरडले, "लिहून काहून देऊ? आजवर मले कोणी मत इचारलं नाही! सकाळपासून रातपर्यंत मी राबून राहिली, अन् कोणी इचारलं का, बाई, तुले काय वाटते? आता इचारून राहिला तर कान देऊन आयक! मी इथून हालत नाही!" आणि भर रस्त्यात बसले.

माझ्यामागे सगळ्या बसल्या. वळलेल्या परत आल्या. शिपायाच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. पुढे कोणी साहेब जीपमधून आले, निवेदन घेतलं, पाणी पाजलं, अर्धा दिवस मोडला आणि आम्ही घरी आलो. माझा घसा बसला होता. अंगात त्राण नव्हतं म्हणून नुसती खिचडी टाकली.

प्राध्यापक संध्याकाळी आले ते वेगळ्याच तंद्रीत. खिचडी पाहूनही काही बोलले नाहीत. जेवताना मधेच म्हणाले, "आज एक दृश्य पाहिलं!" मी घास हातात धरून थांबले. "काय पाहिलं?" माझ्या बसलेल्या आवाजाकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. म्हणाले, "उद्या मंडळात सांगतो." घरातलं माणूस समोर बसलंय, आणि सांगणार मंडळात!

रविवारी मंडळ जमलं. मी आत पोहे परतत होते, कान बाहेर. प्राध्यापक सांगायला लागले. शनिवारी दुपारी मंडळातली दोघं-तिघं आणि ते, मोर्चे अडवतात तिथल्याच एका हॉटेलात वरच्या गॅलरीत कॉफी पीत बसले होते. खालून बायकांचा मोर्चा आला. माझ्या हातातला झारा थांबला.

"त्या घोळक्यात एक बाई होती. लाल लुगड्यातली," प्राध्यापक म्हणाले. आणि तो आवाज आला, पेट्रोग्राडचा आवाज. "काय तेज होतं! मी आजवर जे कागदावर वाचत आलो ते मी काल डोळ्यांनी पाहिलं."

पहिल्यांदा मला वाटलं, हे मावशीबद्दल चाललंय. आणि माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! रशियातल्या कमी होत्या का, की आता गल्लीतली सवत आणली? मावशीने स्वतःचं लाल लुगडं मला देऊन निळं नेसलं होतं, हे त्या जळफळाटात मी साफ विसरले. मग प्राध्यापक म्हणाले, "तिने तो रिकामा डबा बांबूवर आपटला आणि परत फिरणाऱ्या बायका एकदम थांबल्या. लोकमत असं एका क्षणात जन्माला येतं!"

डबा मी आपटला होता.

मी चुलीपाशी उभी आणि माझे कान गरम झाले. नव्या नवरीसारखी लाजले म्हटलं तरी चालेल. पण गंमत बघा, मत्सर गेला नाही. बाहेर ते तिच्याबद्दल बोलत होते तसं माझ्याबद्दल कधीच बोलले नव्हते, आणि ती तर मीच. आता जळायचं तरी कोणावर? ती काय बोलली असं कोणीतरी विचारलं. वरून ऐकू आलं नाही, पण सत्तेने जनतेचा कौल झिडकारला तर जनता हलणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी असणार, असं प्राध्यापकांनी ठासून सांगितलं. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्यांचं भाषण होतं. हॉल मोठा, गावातली जाणती माणसं येणार, महिनाभर त्याचीच तयारी चालली होती. ते म्हणाले, "मी ठरवलंय. भाषणाची सुरुवात पेट्रोग्राडपासून नाही करायची. या बाईपासून करायची."

तेवढ्यात ती एम.ए.ची मुलगी पोह्यांच्या बशा न्यायला आत आली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुम्हीच होत्या ना?"

तीही त्या गॅलरीत होती. तिने मला वरून, पदराआडून ओळखलं होतं. बायको ओळखायला तीक्ष्ण नजर लागत नाही, ती तिथे असू शकते एवढं मनात यावं लागतं. ते त्या पोरीच्या मनात आलं, आणि ज्याच्या मनात यायला हवं होतं तो बाहेर बसून लोकमताचा जन्म सांगत होता. मला तिचा राग यायला हवा होता की तिला कुशीत घ्यायला हवं होतं, मला कळेना. ती म्हणाली, "सांगू का सरांना?"

"तू नको," मी म्हणाले. "मी सांगते."

हात पुसून बाहेर गेले. सगळ्यांच्या देखत, बसलेल्या आवाजात म्हणाले, "ती लाल लुगड्यातली बाई मी होते."

आधी प्राध्यापक हसले. "हिची आपली काहीतरी थट्टा." मग दारात उभी असलेली ती मुलगी म्हणाली, "नाही सर. काकूच होत्या."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं ज्या नजरेची वाट पाहिली ती आता येईल म्हणून मी पदर सारखा करून उभी राहिले. ते म्हणाले, "अच्छा! म्हणून काल नुसती खिचडी होती!"

सगळे पोट धरून हसले. एक सहकारी म्हणाले, "क्रांती झाली की पोळ्या बंद!" पुन्हा हशा. मीही हसले. चारचौघांत नवऱ्याच्या विनोदाला हसायचं असतं.

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर?"

"तर जाऊ दिलं नसतं," ते सरळ म्हणाले. त्यात राग नव्हता. पाऊस येणार असेल तर छत्री घ्यावी, अशा सुरात म्हणाले. मग पुस्तक उघडून बसले.

तरी मी आशा सोडली नाही. भाषणात तिचं नाव येणार नाही, येऊही नये, पण ती येईल. तिच्यापासून सुरुवात करणार असं माणूस चार लोकांत बोललाय. मी महिनाभर त्यांना लिहिताना बघत होते आणि एकदाही विचारलं नाही. भाषणाच्या दिवशी त्यांच्या कोटाला इस्त्री केली, माझी ठेवणीतली साडी काढली आणि मावशीला बरोबर घेतलं. तिला म्हटलं, चल, आपला मोर्चा सांगणार आहेत, सुरुवातच त्यातल्या एका बाईपासून करणार आहेत. ती गिरणीतून तशीच आली, केसात कापसाचे तंतू.

हॉल भरलेला. आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. प्राध्यापक उभे राहिले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पेट्रोग्राड. हिवाळा. पावाच्या दुकानासमोर एक लांबच लांब रांग."

मी म्हटलं, मधे येईल. घोडेस्वार आले, गेले. सैनिकांनी बंदुका खाली केल्या. राजा गादीवरून उतरला. म्हटलं, शेवटी येईल. प्राध्यापकांचे डोळे पाणावले, ते म्हणाले, "त्या बायका!" आणि थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला, अध्यक्षांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. लोक खुर्च्या सरकवायला लागले.

मावशीने मला कोपराने ढोसलं. "काहून वं, तुह्या मास्तरनं आपला मोर्चा सांगितलाच नाही? सुरुवात त्या बाईपासून करतो म्हणे ना?"

"करणार होते," मी म्हणाले.

"मंग?"

"ते बाई ओळखीची निघाली नं त्याईले, म्हणून."